तांब्यावरची सावली: छापील सर्किट आणि पारदर्शक फिल्म यांचा दोनशे वर्षांचा प्रवास

मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या देशी उत्पादनासाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिपच्या कारखान्यांबद्दल जेवढी चर्चा झाली तिच्या दशांशानेही या योजनेबद्दल झाली नाही. चिप ज्याच्यावर बसते त्या बोर्डाकडे, म्हणजे छापील सर्किटपट्टीकडे, लक्ष जाते ते बहुधा ती बिघडल्यावरच. या योजनेत बहुस्तरीय बोर्डांना स्थान आहे आणि बोर्डासाठी लागणाऱ्या तांबे चढवलेल्या पत्र्यालाही आहे.

त्याच वेळी देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत दुसराच प्रश्न विचारला जात असतो. घरी बोर्ड करायचा आहे, इंकजेट प्रिंटर आहे. त्यावर कोणती पारदर्शक फिल्म चालेल? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर या प्रश्नाचे उत्तर दुकानागणिक बदलते. प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या पोटात दोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला तर फिल्मची निवड बरीच सोपी होते.

‘प्रिंटेड सर्किट’ या नावातला ‘प्रिंटेड’ हा शब्द अलंकारिक नाही. सर्किट बोर्डाचे कूळ विद्युतशास्त्रापेक्षा छापखान्यात अधिक सापडते.

फ्रान्समधील शालाँ येथे निसेफोर निएप्स हा गृहस्थ 1820 च्या दशकात कोरीव चित्रांच्या प्रती हात न लावता काढण्याच्या खटपटीत होता. जुडिया प्रांतातून येणारे एक प्रकारचे डांबर उजेडात ठेवले की कडक होते आणि मग सहज विरघळत नाही, हे त्याने हेरले होते. 1826 मध्ये त्याने कार्डिनल द’आंब्वाज यांचे जुने कोरीव चित्र घेतले, कागद पारदर्शक व्हावा म्हणून तो तेलकट केला, डांबराचा पातळ थर दिलेल्या कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर तो पालथा ठेवला आणि सारे उन्हात मांडले. जिथे कागद कोरा होता तिथून ऊन खाली पोचले आणि डांबर कडक झाले. जिथे शाईच्या रेषा होत्या तिथे सावली पडली आणि डांबर मऊ राहिले. लॅव्हेंडरच्या तेलाने मऊ भाग धुतला, उघड्या धातूवर आम्ल सोडले, आणि रेषा पत्र्यात उतरल्या.

फिल्म, प्रकाशसंवेदी थर, विकसन आणि कोरणे या चारही पायऱ्या येथे पूर्णपणे आहेत. आजही हाताशी फिल्म नसलेला विद्यार्थी साध्या कागदावर लेझर प्रिंट काढून त्याला स्वयंपाकघरातले तेल चोळतो तेव्हा तो निएप्सचाच प्रयोग करीत असतो, फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

डांबर फार आळशी होते, त्याला तासन्‌तास ऊन लागे. 1839 मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद उजेडाने बदलतो हे दाखवले. पुढे टॅलबॉटने डायक्रोमेट घातलेले जिलेटिन उजेडात कडक होते हे ओळखले, 1852 मध्ये त्यावर पेटंट घेतले, आणि 1858 च्या सुधारित पद्धतीत धातू कोरण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरले. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पुडीत मिळणारे, हाताला आणि फरशीला न निघणारे पिवळट डाग पाडणारे रसायन ते हेच.

भारतात ही विद्या आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पोचली. कलकत्त्यातील सर्वेक्षण खात्याच्या कचेरीत नकाशांच्या प्रती काढण्यासाठी प्रकाशचित्रणाच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यांवर छपाई होऊ लागली. तेथील प्रकाशचित्रण विभाग 1866 पासून तीन दशके जेम्स वॉटरहाउस या अधिकाऱ्याने सांभाळला. इओसिन या रंगद्रव्यामुळे प्रकाशचित्राची काच नव्या रंगांना प्रतिसाद देऊ लागते, हा त्याचा 1875 चा शोध सरकारी नकाशांच्या कामातून निघाला, विद्यापीठातून नव्हे. त्याच शहरात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 1895 मध्ये लंडनच्या पेनरोज कंपनीकडून सामग्री मागवून हाफटोन ठसे करण्याचा व्यवसाय थाटला आणि जाळीच्या प्रकाशशास्त्रावर ‘पेनरोज’च्या वार्षिकात लेख लिहिले. तांब्याच्या पत्र्यावर माशाच्या सरसाचा डायक्रोमेटयुक्त थर, वर नेगेटिव्ह, मग उजेड, मग पाणी, मग फेरिक क्लोराइड, अशी त्या ठशांची कृती असे. यातील सरस काढून आजचा रेझिस्ट घातला तर ती घरगुती सर्किट बोर्डाची कृती होते. महाराष्ट्रातही दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचे काम करीत होते. भारतीय चित्रपटाचा आणि भारतीय सर्किट बोर्डाचा एक पूर्वज समान आहे, असे म्हटले तर ती केवळ गंमत ठरणार नाही.

छापखान्यातली ही विद्या विजेच्या कामाला जुंपली ती मात्र युरोपात. 1907 मध्ये व्हिएन्नात जन्मलेला पाउल आइसलर हा ज्यू अभियंता ऑस्ट्रियातील वाढत्या ज्यूद्वेषामुळे 1936 मध्ये लंडनला आला. रेडिओच्या पोटातील तारांचे जंजाळ काढून टाकून त्याजागी एका पत्र्यावरचे तांब्याचे छापील मार्ग वापरावेत, ही त्याची कल्पना. त्याने तसा रेडिओ करून दाखवला. ज्या कंपनीला तो दाखवला तिने नकार दिला. तारा हाताने जोडणाऱ्या मुलींची मजुरी स्वस्त होती आणि डिझाइन बदलले तर मुलींना नवे काम सांगणे सोपे होते. हा नकार मूर्खपणाचा म्हणून सांगितला जातो, परंतु तो त्या काळच्या हिशेबाने बरोबरच होता. मजुरी स्वस्त असेल तिथे यंत्र उशिरा येते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

युद्ध सुरू झाल्यावर आइसलरला ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून काही काळ स्थानबद्ध ठेवले गेले. सुटल्यावर त्याला आधार दिला तो हेंडरसन अँड स्पाल्डिंग या कंपनीने, आणि ती छपाईच्या धंद्यातली होती. 1943 मध्ये त्याने पेटंटचे अर्ज केले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या युद्धकालीन निकटता-फ्यूजमध्ये आइसलरचे तांबे होते असे सर्रास लिहिले जाते. त्या फ्यूजमधील प्रसिद्ध छापील सर्किटे सिरॅमिकच्या तबकडीवर चांदीयुक्त शाईने, जाळीतून छापलेली होती. ती पद्धत लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या अधिक जवळची. तांबे कोरून काढण्याची आइसलरची वाट युद्धानंतर रूढ झाली आणि टिकली.

पुढची महत्त्वाची घटना रसायनशास्त्रातली आहे. कोडॅकमधील लुई मिन्स्कने पॉलिव्हिनाइल सिनामेट हा बहुवारिक तयार केला. उजेडात त्याच्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि थर कडक होतो. डायक्रोमेटचा थर अंधारातही हळूहळू कडक होत जाई. हा थर महिनोन्‌महिने तसाच राही. कोडॅकने तो ठसे करणाऱ्यांसाठी बाजारात आणला. 1957 च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या फ्यूज प्रयोगशाळेत जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी हाच रेझिस्ट जर्मेनियमवर वापरला. आकृती लहान करण्यासाठी त्यांनी सूक्ष्मदर्शक उलटा वापरला, म्हणजे ज्याने लहान वस्तू मोठी दिसते त्यातून मोठी आकृती लहान करून पाडली. या कृतीला ‘फोटोलिथोग्राफी’ हे नाव पडले. खरे तर तिच्यात दगडावरची छपाई नाही, कोरणे आहे. नाव चुकीचे असूनही तेच टिकले आणि आज अब्जावधींचे कारखाने त्याच नावाने ओळखले जातात.

जर्मनीतील काल्ले कंपनीत ओस्कार झ्यूस यांनी याच्या उलट वागणारा रेझिस्ट शोधला. तो उजेडात कडक होत नाही, अल्कलीत विरघळू लागतो. बाजारात तयार संवेदी थरासह मिळणारे बोर्ड बहुधा याच जातीचे असतात. 1968 मध्ये ड्यूपाँटने कोरडा रेझिस्ट आणला, जो निळसर पातळ पापुद्र्याच्या रूपात तांब्यावर गरम दाबून चिकटवता येतो आणि धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात विकसित होतो. तो उजेडात कडक होतो. या भेदामुळे फिल्मचे निम्मे प्रश्न सुटतात किंवा बिघडतात. झ्यूसच्या वंशातल्या थरासाठी फिल्मवर तांब्याचे मार्ग काळे छापावे लागतात. कोरड्या पापुद्र्यासाठी नेमके उलट, मार्ग कोरे आणि बाकी सारी फिल्म काळी.

आता फिल्मकडे वळू. 1960 आणि 70 च्या दशकांत सर्किटची मूळ आकृती हाताने होत असे. पारदर्शक पॉलिएस्टरच्या ताव्यावर काळ्या चिकटपट्ट्या आणि गोल चकत्या चिकटवायच्या, दुप्पट किंवा चौपट आकारात. मग मोठ्या कॅमेऱ्याने ती लहान करून चांदीच्या क्षारांच्या लिथ फिल्मवर उतरवायची. चिकटवलेली पट्टी उन्हाळ्यात सरकली तर दोन मार्ग एकमेकांना भिडत, आणि चूक सापडे ती बोर्ड तयार झाल्यावर. हे काम संपवले ते फोटोप्लॉटरने, म्हणजे प्रकाशाच्या लेखणीने थेट फिल्मवर रेखाटणाऱ्या यंत्राने. त्याचा कर्ता जोसेफ गर्बर. तोही व्हिएन्नाचा, तोही ज्यू, तोही नाझींच्या तावडीतून निसटून 1940 मध्ये अमेरिकेला पोचलेला. आज कोणताही विद्यार्थी बोर्ड मागवताना ज्या फायली पाठवतो त्यांना गर्बर फाइल म्हणतात. एका शहराने हाकललेल्या दोन माणसांपैकी एकाने बोर्ड दिला आणि दुसऱ्याने त्याची भाषा.

पॉलिएस्टर फिल्मचा स्वतःचा जन्म कापडाच्या धंद्यातला आहे. 1941 मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत हा बहुवारिक केला, तो धाग्यासाठी. त्याचाच ताणून केलेला पापुद्रा मजबूत, पारदर्शक आणि मापाला बराचसा पक्का निघाला. तोच ओव्हरहेड प्रोजेक्टरमुळे वर्गावर्गांत पोचला. इंकजेट प्रिंटर 1980 च्या दशकात स्वस्त होऊ लागले तेव्हा अडचण उभी राहिली, कारण पॉलिएस्टर पाणी पीत नाही आणि इंकजेटची शाई मुख्यतः पाणीच असते. साध्या पारदर्शिकेवर ती थेंबाथेंबाने गोळा होते आणि बोट लावले की पुसली जाते. म्हणून इंकजेट फिल्मच्या एका बाजूस शाई धरणारा लेप असतो. हा लेप म्हणजेच खरी फिल्म. खालचे पॉलिएस्टर केवळ वाहन आहे.

लेप दोन जातींचे. पहिला जिलेटिन किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा, पाणी शोषून फुगणारा. तो काचेसारखा स्वच्छ दिसतो, परंतु वाळायला वेळ घेतो आणि कोकणातल्या जुलैत चिकट होतो. दुसरा सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र लेप. केशाकर्षणाने शाई छिद्रांत ओढली जाते, लगेच कोरडी होते आणि शाईचा बराच साठा जागच्या जागी राहतो. अशी फिल्म किंचित दुधाळ दिसते, म्हणून ग्राहक तिला हलकी समजून परत ठेवतो. प्रत्यक्षात रेझिस्टला लागणाऱ्या 365 ते 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाला तो दुधाळपणा फारसा अडवत नाही. उजेडाचा वेळ थोडा वाढवला की भागते. स्क्रीन प्रिंटिंगवाले ‘पॉझिटिव्ह’ काढण्यासाठी जी फिल्म वापरतात ती बहुतांशी याच जातीची असते. त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानापेक्षा तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारणे अधिक फलदायी ठरते.

लेझर प्रिंटरची फिल्म इंकजेटमध्ये चालत नाही, कारण तिच्यावर हा लेप नसतो. उलट प्रकार तर महागात पडतो. लेझर प्रिंटरमध्ये टोनर पक्का करणारा रूळ 200 अंशांच्या आसपास तापतो, तिथे इंकजेट फिल्मचा लेप वितळून रुळाला गुंडाळला जातो आणि फिल्मसोबत प्रिंटरही जातो.

उजेड किती अडतो हे प्रकाशीय घनता या मापाने मोजतात. घनता 1 म्हणजे दहावा भाग पलीकडे जातो, 2 म्हणजे शंभरावा, 4 म्हणजे दहा हजारावा. व्यावसायिक चांदीच्या फिल्मची घनता 4 च्या पुढे असते. इंकजेटच्या काळ्या भागाची घनता समजा 1.3 निघाली, तर त्यातून सुमारे 5 टक्के प्रकाश गळतो. उघड्या भागाला 100 सेकंद दिले तर झाकलेल्या भागालाही 5 सेकंद मिळाले असे झाले. रेझिस्ट कदाचित ते सोसेल, परंतु वेळ चुकून दुप्पट झाला तर 10 सेकंद होतील आणि विकसनात थर अर्धवट सुटेल. घनता 2 च्या वर गेली की हीच चूक पचते. फिल्म चांगली असणे म्हणजे चुकायला जागा असणे. एकाच आकृतीच्या दोन फिल्म एकावर एक तंतोतंत जुळवल्या की घनतांची बेरीज होते, 1.3 च्या दोहोंची 2.6. जुना उपाय आहे, पण जुळणी जरा सरकली की मार्ग जाड होतात.

डोळ्यांना काळे दिसते ते रेझिस्टलाही काळे असेलच असे नाही, ही यातली सर्वांत फसवी गोष्ट. रंगद्रावक काळी शाई दृश्य प्रकाशासाठी बनवलेली असते. तिच्यातून जांभळा आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश निसटू शकतो. काजळीच्या कणांची काळी शाई सर्वच तरंगलांबी शोषते. मात्र कणांची शाई चकचकीत सच्छिद्र लेपावर नीट बसत नाही म्हणून अनेक चाररंगी प्रिंटरांत ‘पारदर्शिका’ किंवा ‘चकचकीत कागद’ निवडल्यावर काळी शाई बाजूला ठेवून निळा, किरमिजी व पिवळा मिसळून काळा केला जातो. तो तपकिरी झाक असलेला काळा पाहून विद्यार्थी निराश होतो. पण त्यातला पिवळा रंग नेमका जांभळा-निळा प्रकाश खातो, त्यामुळे 405 नॅनोमीटरला तो कधीकधी बरा ठरतो. येथे तर्कापेक्षा चाचणी भरवशाची. तांब्याच्या एका तुकड्यावर पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळा वेळ देऊन पाहावा. ठसे करणारेही नव्या काचेसाठी हेच करीत.

फिल्म कोणत्या बाजूने ठेवायची? निएप्सने चित्र पालथे ठेवले ते उगीच नव्हे. शाई वरच्या बाजूस राहिली तर तिच्यात आणि रेझिस्टमध्ये फिल्मच्या जाडीचे, म्हणजे 100 मायक्रॉनचे अंतर पडते. ओळीने लावलेल्या नळ्यांचा प्रकाश 45 अंशांपर्यंत तिरका येतो असे धरले, तर पॉलिएस्टरमध्ये वक्रीभवन होऊन तो सुमारे 25 अंशांवर येतो आणि सावलीची कड प्रत्येक बाजूस जवळपास 0.05 मिलिमीटर सरकते. दोन्ही बाजू मिळून 0.1 मिलिमीटर. मार्ग 1 मिलिमीटर रुंद असेल तर फिकीर नाही, 0.2 मिलिमीटरचा असेल तर निम्मा गेला. म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी छापायची आणि शाईची बाजू थेट तांब्याकडे ठेवून वर काच दाबायची.

पॉलिएस्टर पूर्णतः स्थिरही नाही. आर्द्रतेच्या दर टक्क्यामागे ते सुमारे दहा लाखांत 10 भाग वाढते. 100 मिलिमीटरच्या बोर्डावर 40 टक्क्यांच्या फरकाने 0.04 मिलिमीटर, घरी ते जाणवणार नाही. कारखान्यातल्या मोठ्या ताव्यावर, अनेक थर एकमेकांशी जुळवताना, तेच डोकेदुखी होते. तिथे फिल्म वापरण्याआधी त्याच खोलीत काही तास मुरू देतात.

डायक्रोमेटचे काय झाले, हेही सांगायला हवे. षट्संयुजी क्रोमियमची ही संयुगे कर्करोगकारक आहेत, आणि तरीही स्क्रीन प्रिंटिंगच्या लहान दुकानांत त्यांची पुडी ‘बायक्रोमेट’ या नावाने हातमोज्यांशिवाय हाताळली जाताना दिसते. छपाईवाल्याकडून फिल्म घ्यावी, हे रसायन मात्र घेऊ नये. फेरिक क्लोराइडचे वापरलेले द्रावणही मोरीत ओतण्याजोगे नसते, कारण त्यात विरघळलेले तांबे जलचरांना विषारी असते.

मोठ्या कारखान्यांत फिल्म झपाट्याने मागे पडत आहे. संगणकातली आकृती लेझर थेट रेझिस्टवर रेखाटतो. सावली पाडायला मध्ये काहीच लागत नाही. ओव्हरहेड प्रोजेक्टर वर्गांतून गेले तशी साधी पारदर्शिकाही दुकानांतून गेली. इंकजेट फिल्म उरली ती स्क्रीन प्रिंटिंगच्या आधाराने, आणि तिथेही संगणकावरून थेट जाळीवर छापणारी यंत्रे आली आहेत. घरी बोर्ड करणाऱ्यांपैकी काहींनी दुसरीच वाट धरली आहे. राळेच्या त्रिमितीय प्रिंटरमध्ये 405 नॅनोमीटरच्या दिव्यासमोर एक काळा-पांढरा एलसीडी पडदा असतो. त्या पडद्यावर सर्किटची आकृती उमटवायची आणि कोरडा रेझिस्ट लावलेला बोर्ड त्यावर पालथा ठेवायचा. पडद्याच्या एका ठिपक्याची बाजू सुमारे 50 मायक्रॉन, नव्या पडद्यांत त्याहूनही कमी असते. शाई नाही, लेप नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. बोर्ड आणि पडदा यांच्यामधल्या काचेची जाडी मात्र आहेच, आणि तिथे कडा किती सरकेल याचा हिशेब वरच्या तिरक्या किरणाच्या गणितानेच करावा लागतो.